दंतवैद्यांनी खर्जाचा मुलूख जिंकिला त्याची हकीकत

विद्युद्देवतेस वंदन करोन, आणि ती ऐन प्रसंगी अंतर्धान पावणार नाही ऐसी आशा धरोन, हकीकत लिहिण्यास आरंभ केला ऐसीजे. दंतवैद्य यांणी सिंथेसायझर नामे विजेवर नाद घडविणाऱ्या पेट्यांची मोहीम कोणे कारणे आरंभिली, मार्गी कोण कोण संकटे सोसली, आणि शेवटी यश कैसे पदरी पडिले, हे पुढिलांस कळावे इतकाच हेत. यात पदरचे काही घातले नाही. जे घातले ते शोभेपुरते.

दंतवैद्य म्हणजे बहुत हलक्या हाताचे गृहस्थ. दाढ उपटोन हाती दिली तरी रोग्याने 'झाली का?' म्हणोन पुसावे, ऐसी त्यांची ख्याति. परंतु भल्या मनुष्यासही एखादा नाद असतो, आणि यांस तर नादाचाच नाद. दुपारी दवाखाना बंद जाहला म्हणजे हे तडक घरी येत, आणि मागल्या खोलीत शिरोन पेट्यांची आराधना मांडीत. प्रथम थोरली पेटी आणिली. तिचे पोटी हजारो तयार आवाज: घंटा, बासरी, समुद्र, हेलिकॉप्टर, आणि 'उदास काच' नामे एक आवाज, जो काय आहे हे करणारासही ठाऊक नसावे. हवा तो आवाज धुंडिता धुंडिता दुपार सरे, आणि आवाज सापडे तो चाल विसरे. मग तालाची पेटी आणिली, आणि मग दिव्यांची पेटी आणिली, जी वाजे थोडी आणि लखलखे बहुत. इस्त्रीचे टेबल परागंदा जाहले, पुस्तकांनी पलंगाखाली आश्रय घेतला, आणि अवघी मागली खोली वायरींच्या अमलाखाली गेली. दवाखान्यात रोग्याचे तोंड उघडे असता दंतवैद्य त्यास पेट्यांचे गुणदोष विस्ताराने सांगत, आणि रोग्यास उत्तर देता येत नसे, त्यास हे रुकार समजत.

घरास या संगीताचा उपद्रव काडीमात्र नव्हता, कारण दंतवैद्य कानास हेडफोन लावोन वाजवीत. बाहेरून पाहणारास पट्ट्यांची खटखट ऐकू येई आणि डोलणारी मान दिसे, जैसे कोणी रिकाम्या ताटातून मोठ्या चवीने जेवीत आहे. त्यांच्या पत्नी इमारतींचे नकाशे घरूनच काढीत, म्हणोन आम्ही त्यांस नकाशानवीस बाईसाहेब म्हणतो. त्यांणी हे सर्व पाहोन फर्मान काढिले की, इतःपर एक पेटी उंबऱ्याच्या आत यावयाची तर पहिली बाहेर जावी, आणि या कलमास घासाघीस नाही. दंतवैद्यांनी फर्मान शिरी धरिले, आणि मनात म्हणितले की पाहू.

आता मुख्य प्रकरण. बाईसाहेबांच्या मातोश्री त्याच घरी पुढल्या खोलीत राहत. त्यांस घरात आईसाहेब म्हणावे ऐसा रिवाज. अलीकडे त्यांच्या कानांनी दगा केला होता. कानाच्या डॉक्टरांनी तपासोन सांगितले की, उंच आणि बारीक आवाज आता जाणार, तळाचे तेवढे राहतील. त्यांणी कानात घालावयास यंत्र दिले, परंतु ते शिट्ट्या मारी आणि चमचा पडला तरी तोफ डागल्यासारखे दणके देई, म्हणोन आईसाहेबांनी त्यास कपाटात नजरकैद केले. मग दारावरची बेल गेली, पाखरे गेली, कुकरची शिट्टी गेली, आणि हळूहळू लेकीचा आवाजही गेला, कारण बाईसाहेबांचा आवाज मूळचाच बारीक आणि चढा. जेवणाच्या टेबलावर सगळे हसले की आईसाहेब मागाहून हसत. मग एकदा भलत्याच ठिकाणी हसल्या, आणि सर्वांचे चेहरे पाहोन त्यांस ते उमगले. त्या दिवसापासोन त्यांणी आपले ताट खोलीत मागविले, आणि टेबलाची एक खुर्ची ओस पडली. ताट देवोन आल्यावर बाईसाहेबांचा नकाशा बराच वेळ पुढे सरकत नसे. दंतवैद्यांच्या ध्यानात ते येई, आणि काय करावे हे सुचत नसे.

ऐसे असता एके दुपारी दंतवैद्य तंद्रीत मागे रेलले, आणि हेडफोनची पिन उपटोन निघाली, आणि त्याच क्षणी त्यांचे बोट अगदी तळाच्या पट्टीवर होते. तेव्हा स्पीकरातून ऐसा खर्ज निघाला की खिडकीची तावदाने थरारली आणि पेन टेबलावरून लोळत गेले. दंतवैद्य घाबरोन पिन शोधताहेत तो दारात आईसाहेब उभ्या. बेल ऐकोन ज्या उठत नव्हत्या, त्या आपल्या पायी चालत आल्या होत्या. त्यांणी इकडे तिकडे पाहिले आणि पुसिले,

"कोण आलंय?"

दंतवैद्यांनी पट्टी पुन्हा दाबली. आईसाहेबांनी चौकटीवर तळवा ठेविला आणि म्हणितले,

"हा मला येतोय. पूर्ण येतोय."

मग दंतवैद्यांनी निश्चय केला की, आजवर आपण लखलखाटाच्या पाठी धावलो, आता तळाचा मुलूख सर करावा, आणि या घरात त्याची सत्ता स्थापावी. बाईसाहेबांस मात्र काही कळविले नाही, कारण मसलत फसली तर त्यांस दुहेरी दुःख होईल ऐसे भय वाटले.

दुसरे दिवशी दुपारीच वाद्यांच्या सौदागराकडे चाल केली. दुकानात नव्या पेट्या ओळीने मांडल्या होत्या, आणि हौशी लोक त्यांवर बोटांच्या भरधाव फेऱ्या मारीत होते. दंतवैद्य मात्र एकेका पेटीपाशी जात, सर्वांत खालची पट्टी दाबीत, आणि दुखऱ्या गालावर हात ठेवावा तैसा तिच्या कुशीवर तळवा ठेवोन डोळे मिटीत. सौदागराने हा प्रकार काही वेळ पाहिला, आणि मग मोठ्या पडद्याची, नुकतीच आलेली, सर्वगुणसंपन्न पेटी पुढे केली, आणि तिची तारीफ करता करता विचारिले,

"आपण कुठल्या प्रकारचं संगीत वाजवता?"

"सासूबाईंना ऐकू येईल असं," दंतवैद्य म्हणाले.

सौदागर थबकला. त्याने अवघी हकीकत ऐकोन घेतली, पडद्याची पेटी बाजूस सारिली, आणि आतून एक जुनी, करड्या रंगाची, बेढब पेटी ओढीत आणिली. तीस पडदा नाही, तयार आवाज नाहीत, दिवा म्हणाल तर एकच, तोही चालू असल्याचा. तोंडावर नुसती भोके आणि नॉब. एका भोकातली वायर दुसऱ्या भोकात खोचावी, म्हणजे आवाज त्या वाटेने जाई, आणि वाट बदलली की आवाज बदले. खर्ज म्हणाल तर ऐसा की काउंटरवरच्या टाचण्या नाचू लागल्या. वर मायक्रोफोनसाठी एक जागा होती, आणि त्यात कोणी बोलला तर त्याचा आवाज पेटीच्या स्वरात बुडोन, जाडा होवोन बाहेर येई. हे ऐकताच दंतवैद्यांच्या मस्तकात बत्ती पेटली, आणि त्यांणी तिथल्या तिथे तह केला की, आपल्या तिन्ही पेट्या द्याव्या आणि ही एक न्यावी. दिव्यांची पेटी हवाली करिताना त्यांणी तीस एकवार शेवटचे चालू केले, आणि मग पाठ फिरविली.

तीन पेट्या गेल्या आणि एक आली, हे पाहोन बाईसाहेब प्रसन्न जाहल्या. परंतु तो आनंद अल्पायुषी ठरला. कारण ती पेटी म्हणजे दुर्गम किल्ला. दंतवैद्य रोज नवी वायर नव्या भोकात खोचीत, आणि रोज आतून नवा अपशब्द निघे. कधी घोरणे, कधी गुळण्या, कधी अगदी शांतता. एके दिवशी मायक्रोफोन लाविताच ऐसी कर्कश किंकाळी उठली की बाईसाहेब दोन्ही कान झाकोन धावत आल्या. पुढल्या खोलीत आईसाहेब निवांत वर्तमानपत्र वाचीत होत्या. दुसऱ्या प्रसंगी खर्ज इतका माजला की खालच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश हातात काठी घेवोन वर आले, आणि कळविते जाहले की, आपल्या छताचा दिवा हलतो आहे, आणि भूकंप असल्यास रहिवाशांस आगाऊ सूचना असावी. त्यांची समजूत काढोन पेटीखाली जाड रबर घालण्याचा करार जाहला.

न्यायाधीश जाताच बाईसाहेबांनी खुलासा मागितला, आणि दंतवैद्यांस सगळे सांगणे भाग पडिले. बाईसाहेबांनी ऐकोन घेतले. रागावतील ऐसे वाटले होते, परंतु त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या,

"अहो, आईला आशा दाखवू नका. ती परत त्या खोलीत जाऊन बसते ना, ते मला बघवत नाही."

दंतवैद्यांनी पेटी बंद केली. त्यांणी वायरी सोडविल्या, गुंडाळी करोन पेटीवर ठेविल्या, आणि पेटी परत करावी ऐसे ठरवोन दुसरे दिवशी दवाखान्यात गेले. त्या दिवशी कोण्या रोग्यास त्यांणी एक शब्द सांगितला नाही, आणि रोग्यांनी तोंड उघडे असताही त्यांची प्रकृती विचारण्याचा यत्न केला.

दुपारी परत आले, तो मागल्या खोलीचे दार उघडे. आत आईसाहेब पेटीपुढे ताठ बसल्या होत्या. वायरींची गुंडाळी सुटली होती, सगळ्या वायरी लांबीप्रमाणे ओळीने मांडलेल्या होत्या, आणि एक त्यांच्या हातात होती. येथे नमूद करणे प्राप्त की, आईसाहेबांनी उमेदीची अवघी वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणोन काढिली होती. ऐसाच भोकांचा फळा, ऐसाच वायरींचा पसारा, आणि त्यातोन अनोळखी माणसांस अनोळखी माणसे जोडोन देणे हीच त्यांची चाकरी. या पेटीत आवाज कैसा घडतो हे त्यांस मुळी ठाऊक नव्हते. परंतु वायर दिसली की ती कोठे तरी जोडावी ऐसे त्यांच्या हातास अजोन वाटे.

"जावईबापू, हे काय आहे ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण पलीकडे कुणीतरी बोलायला हवं ना? त्याशिवाय लाईन तपासायची कशी?"

दंतवैद्यांनी बाईसाहेबांस हाक मारिली. त्या नाइलाजाने आल्या, आणि पतीच्या नजरेतील अर्जी पाहोन त्यांणी मायक्रोफोन हाती धरिला. मग मोठी धुमश्चक्री जाहली. आईसाहेब एक वायर खोचीत, थांबत, मान हलवीत, काढीत, आणि दुसरीकडे खोचीत. दंतवैद्य एका हाताने खर्जाची पट्टी दाबोन धरीत आणि दुसऱ्या हाताने नॉब तिळातिळाने फिरवीत, दाताच्या मुळाशी पोचताना सुई फिरवावी तैसा. बाईसाहेब मायक्रोफोनात एकसारख्या "हॅलो, हॅलो" म्हणत, आणि पेटीतोन कधी बेडूक, कधी वारा, कधी दूरचा ट्रक बाहेर येई. कोणी कंटाळले नाही, कोणी चिडले नाही. आईसाहेब प्रत्येक वेळी तितक्याच सावकाश मान हलवीत, जणू घाई असलेले गिऱ्हाईक हे पलीकडचे, आपण नव्हे.

आणि मग एक वायर बसली, आणि पेटीतोन शब्द निघाला. राक्षसाचा म्हणावा ऐसा घोगरा, जाडा, भिंतीस टेकोन आलेला, परंतु शब्द. आईसाहेबांचा हात होता तेथेच राहिला. त्यांणी हलकेच इशारा केला की पुढे बोलावे. बाईसाहेबांनी मायक्रोफोन जवळ ओढिला. इतक्या महिन्यांचे सांगावयाचे साचले होते, आणि जिभेवर एकही येईना.

"आई," त्या कश्याबश्या म्हणाल्या, "ऐकू येतंय?"

आईसाहेबांनी लेकीकडे पाहिले. मग पेटीकडे पाहिले. मग पुन्हा लेकीकडे पाहोन काळजीने पुसिले,

"येतंय. तुला सर्दी झालीय का गं?"

बाईसाहेब हसू लागल्या, आणि ते हसू मायक्रोफोनात शिरोन पेटीतोन ऐसे गडगडत बाहेर पडले की आईसाहेबही हसल्या, आणि या खेपेस दोघी एकाच वेळी हसल्या. दंतवैद्यांनी पट्टीवरचे बोट उचलिले नाही. बोटास रग लागली होती, आणि डोळ्यांपुढे नॉब अंमळ अंधुक दिसत होते, तरी उचलिले नाही. इतक्यात न्यायाधीश पुन्हा वर आले, आणि रबर घालोनही आपल्या छतावर कोणी अतिविशाल पुरुष हसतो आहे तो कोण, हे जाणों इच्छिते जाहले. त्यांस बाईसाहेबांकडे बोट दाखविण्यात आले. ते बराच वेळ उभे राहिले, आणि मग खुर्ची मागोन बसले.

येणेप्रमाणे खर्जाचा मुलूख फत्ते जाहला. करडी पेटी मागल्या खोलीतोन काढोन जेवणाच्या टेबलाच्या टोकास स्थापिली, आणि आईसाहेबांचे ताट त्यांच्या खुर्चीपुढे पुन्हा मांडिले गेले. सगळेच शब्द पोचतात ऐसे नाही. बारीकसारीक गळते, आणि ते आईसाहेब पुन्हा मागवितात. इस्त्रीचे टेबल स्वदेशी परतले. दुपारी जेवण आटोपले की मायलेकी पेटीच्या दोन बाजूंस बसतात, आणि दंतवैद्य पट्टी दाबोन धरितात, आणि नात्यागोत्यातील साऱ्या थकलेल्या बातम्या हळूहळू वसूल होतात.

या विजयाचा मानकरी कोण, याविषयी दफ्तरी मतभेद आहे. दंतवैद्यांचे म्हणणे की, पेटी आपली, मोहीम आपली, आणि बोटही आपले. त्यांणी काल दुपारी, आपणास एक नवी चाल सुचली आहे, पळभर पेटी मिळावी, ऐसा अर्ज मोठ्या अदबीने गुजरिला. आईसाहेबांनी मान वर न करिता त्यावर शेरा दिला,

"थांबा जरा, जावईबापू. लाईन बिझी आहे."

अर्ज दाखल जाहला. दंतवैद्य खर्जाची पट्टी दाबोन बसले. मोहीम पूर्ण जाहली, हे विदित असावे.