दहा वारांचं लुगडं

आमच्या म्हसावदचे हिलाल आबा अमेरिकेतला फुटबॉल लुगड्यांत मोजतात.

सरांचं डोकं फिरलं असं कुणाला वाटण्याआधी खुलासा करतो. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यात पायाला फारसं कामच नसतं, सगळा मामला हातांचा आणि खांद्यांचा. मग त्याला फुटबॉल का म्हणायचं, हे तिकडच्या लोकांना विचारा. चेंडू लांबोडका असतो. तो घेऊन, अंगावर धावून येणाऱ्या धटिंगणांतून वाट काढत, चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. शहाद्याच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मला हे समजायला तीन रविवार लागले. आबांना पंधरा मिनिटं लागली.

“दहा वार?” ते म्हणाले. “म्हंजे एक लुगडं, आनि वर वारभर.”

झालं. त्या दिवसापासून कुणी दहा वार गेलं की आबा मांडीवर थाप मारून ओरडतात, “एक लुगडं व्हयनं!” म्हणजे एक लुगडं झालं. गल्लीतल्या बायकांना सुरुवातीला वाटलं की आबांच्या घरी लुगड्यांचा सेल लागला. दोघीतिघी पिशव्या घेऊन डोकावूनही गेल्या.

आबा सत्तरीचे. आठ एकर पपई. पपईवाल्या माणसाचा हात वेगळा असतो, कारण पपईइतकं नाजूक फळ नाही. जरा ओरखडा पडला की चीक येतो, चीक वाळला की काळा डाग पडतो, आणि डागी फळ व्यापारी बाजूला काढतो. म्हणून प्रत्येक फळ रद्दीच्या कागदात गुंडाळायचं. “डाग नको लागाले” हे आबांचं पालुपद. चहाचा कप हातात देतानाही ते हेच म्हणतात, आणि भाचीच्या लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हाही हेच म्हणाले. हा खेळ त्यांना चटकन समजला तो त्यामुळेच. तो लांबोडका चेंडू त्यांना पहिल्या नजरेत पपईसारखा दिसला, आणि तो छातीशी कवटाळून पळणारा खेळाडू तोडणीवरच्या मजुरासारखा.

“हाऊ पोऱ्या चांगला शे,” ते पारख करून सांगत. “आंगवर पाच जन पडनात, तरी पपईले डाग नही.”

आबांना या खेळाचा नाद लावायचं पाप माझ्याच हातून घडलं. पण त्याआधी प्रशांतबद्दल सांगायला हवं.

प्रशांत हा आबांचा एकुलता मुलगा, माझा विद्यार्थी. शेतकीची पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात गेला, त्याला तीन वर्षं झाली. जाण्याआधी त्याने विहिरीजवळच्या कोपऱ्यात पपईची तीसेक रोपं लावली होती. आमच्याकडे पपईवर मोझॅकचा रोग येतो, पानं पिवळी पडून आकसतात. त्या रोगात तग धरलेल्या झाडांचं बी त्याने वेचून लावलं होतं, आणि “यासले हात नका लावू” असं बजावून तो व्हिसाच्या कामाला मुंबईला गेला. परत आला तर कोपरा मोकळा. पानं आकसलेली दिसली म्हणून आबांनी सगळी रोपं उपटून जाळली होती. यात आबांचं काय चुकलं? आजारी झाड दिसलं की उपटायचं, नाही तर सगळी बाग बसते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रोग मुद्दाम बागेत ठेवून बघायचा असतो, हे कुणाच्या बापाला ठाऊक असणार?

प्रशांत ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. निघायच्या दिवशी आईच्या पाया पडला, आबांच्याही पडला, आणि दारातून म्हणाला, “जास मी.”

आपल्याकडे निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. पुन्हा तोंड दाखवायचा विचार नसला तरी ‘येतो’ म्हणतो. आबांनी तो शब्द मनात धरून ठेवला. “येस नही म्हनना. जास म्हनना,” एवढंच ते एकदा माझ्यापाशी बोलले. तेव्हापासून प्रशांतचा फोन त्याच्या आईच्या, म्हणजे माईंच्या मोबाइलवर येतो. तो वाजला की आबा चपला घालून अंगणात जातात, आणि माईंचं बोलणं संपेपर्यंत त्या चपला दाराच्या आसपासच वाजत राहतात. बोलायला हवं, हे बापलेक दोघांनाही कळत होतं. आधी कुणी, यावर तीन वर्षं अडली होती.

गेल्या सप्टेंबरात माईंनी मला विचारलं, “सर, मोबाइलमा प्रशांतनं गाव दिसस का?” मी शोधून दाखवलं. नेमका त्याच्या कॉलेजच्या मैदानाचा व्हिडिओ लागला. म्हसावद, शहादा आणि प्रकाशा उठून गेलं तरी भरणार नाही एवढं मैदान लाल कपड्यांतल्या माणसांनी भरलं होतं. आबा मागून चालले होते, ते थांबले.

“हाऊ काय तमाशा शे?”

“प्रशांतच्या कॉलेजचा सामना आहे, आबा.”

“परत कधी शे?”

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि स्वतःच्या रविवारच्या झोपेवर पाणी सोडलं. तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे इकडची रविवारची पहाट. समालोचन इंग्रजीत, म्हणून दुभाष्या मी. फटफटायच्या आत खिडकीवर थाप पडे: “सर, उठा! पंचायत बठी गयी!”

पंचायत म्हणजे चाल ठरवायला खेळाडू डोक्याला डोकं लावून उभे राहतात ती. आबांना तिचं भारी कौतुक. “आपला गावमा आधी मारामारी, मंग पंचायत. हाया लोके आधी पंचायत करतस, मंग मारामारी. शिकेल लोके!” एकच माणूस मधूनच येतो, चेंडूला एक लाथ मारतो आणि पुन्हा बाकावर जाऊन बसतो, सगळे त्याची पाठ थोपटतात. त्याचं नाव आबांनी ‘जवाई’ ठेवलं. पडद्यावर तीच चाल संथपणे पुन्हा दाखवत, तेव्हा सुरुवातीचे दोन आठवडे आबांची समजूत होती की पोरं खरोखरच ती पुन्हा खेळताहेत. “दमनात वाटस,” ते कळवळून म्हणाले. मी समजूत काढली तर मलाच म्हणाले, “मंग पयलेच हळू खेयाले काय व्हस?”

दिवाळीपर्यंत ओसरी भरू लागली. पपईला रद्दी पुरवणारे सलीमभाई पहिल्यापासून होते. ते बिचारे गठ्ठ्यांतून लाल टीमची बातमी शोधत, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या भाववाढीवर येऊन थांबत. मग तोडणीचे मजूर आले, पिकअपवाला आला. “कितलं व्हयनं?” असं कुणी रस्त्यावरून विचारलं की सलीमभाई आतून ओरडत, “तीन लुगडे हो गए, चौथा चालू है!”

लाल टीम जिंकत सुटली. एकच सामना हरली. मला वाटलं आबा जेवायचे नाहीत, पण ते आरामात भाकरी कुस्करत होते. “हार-जीत व्हत ऱ्हास,” म्हणाले. उलट दुसऱ्यांच्या गावी जाऊन टीम दणदणीत जिंकली, त्या दिवशी ते अर्ध्यातूनच उठून बागेत निघून गेले. शेतकऱ्याला आपल्याच वावराचा अभिमान, असा मी त्याचा अर्थ लावला. इंग्रजीचा मास्तर असून मला समोरचं वाचता येत नाही, हे माझी बायको नेहमी सांगते ते खोटं नाही.

नोव्हेंबरात एकदा प्रशांतच्या गावी सामन्यात बर्फ पडू लागला. मैदानावरचे पट्टे दिसेनात, लुगडी मोजता येईनात. आमची ओसरी हसत होती. आबा मात्र उठून टीव्हीच्या इतके जवळ गेले की मागच्यांना त्यांची पाठच दिसू लागली. मैदान सोडून ते वरचा कोपरा बघत होते, जिथे आभाळ दिसत होतं. मग स्वयंपाकघरात जाऊन माईंना हळूच म्हणाले, “त्याले इचार, कानले बांधानं काही शे का. मन्हं नाव नको लेऊ.” ते मी ऐकलं, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

जानेवारीत टीम अंतिम सामन्यात पोचली. हा सामना आपल्याकडच्या मंगळवारी सकाळी होता. मी कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण लिहिलं ‘घरगुती’. ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सलीमभाईंनी फटाक्यांची लड आणली होती. आबा नवी टोपी घालून पुढच्या खुर्चीत बसले. टीव्ही लागला. मैदान झगझगीत होतं, आणि त्याच्यावर छप्पर होतं.

“आभाय कोठे शे?” आबांनी विचारलं.

“हे बंद मैदान आहे आबा. अंतिम सामना तिसऱ्याच शहरात असतो.”

“म्हंजे हाई पोरगानं गाव नही?”

“नाही. तिथून खूप लांब आहे.”

आबांनी थोडा वेळ पाहिलं. पहिलं लुगडं झालं, ओसरी दणाणली. आबा उठले, आपली खुर्ची पिकअपवाल्याला दिली आणि म्हणाले, “तुम्ही देखा. माले तोडनीनं पाहनं पडी.” कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तोडणीचे सगळे मजूर ओसरीतच बसले होते, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

साडेनवाच्या सुमाराला लाल टीम जिंकली. सलीमभाईंनी लड लावली, माईंनी गुळाचे खडे वाटले. अमेरिकेतल्या एका कॉलेजाच्या विजयाने म्हसावदच्या गल्लीत धूर झाला. मी बातमी सांगायला बागेत गेलो. आबा एकटेच क्रेटशेजारी उभे राहून पपया कागदात गुंडाळत होते.

“आबा, जिंकले!”

“बेस व्हयनं.” त्यांनी एक फळ ठेवलं, दुसरं उचललं. “आते फुडला रविवारले कोना संगे शे?”

“आता कुणाशीच नाही. हंगाम संपला. आता एकदम सप्टेंबरात.”

त्यांचा हात थांबला. “सप्टेंबर,” ते म्हणाले. मग बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागले, आणि मोजता मोजता मध्येच सोडून दिलं.

“सर, मंग माले कसं समजी?”

“काय, आबा?”

“तठे थंडी शे का, पाऊस शे का. सूर्य निंघना का नही. त्याना गाववर आभाय कसं शे.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “रईवारले तेवढं दिसे.”

मला माझीच लाज वाटली. पाच महिने मी या माणसाला समालोचनाचं भाषांतर करून सांगत होतो, आणि त्याला खेळाशी काही देणंघेणंच नव्हतं.

मी खिशातून मोबाइल काढला, प्रशांतचा नंबर लावला, आबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते मागे सरकले, पण फोन वाजू लागला होता.

“बोला सर!” मागे बराच गलका होता.

“सर नही,” आबा म्हणाले. “मी शे.”

गलका हळूहळू लांब गेला, प्रशांत कुठेतरी बाजूला गेला असावा.

“आबा?”

“हां.”

मला वाटलं, आता हा म्हातारा फोन माझ्या हातात कोंबून निघून जाणार.

“तुन्हा कॉलेजवाला जिंकनात,” शेवटी आबा म्हणाले.

“हां आबा. जिंकनात.”

“देखं का तू?”

“देखं. पन माले हाऊ खेय समजस नही, आबा. कधीच समजना नही.”

मी पपयांकडे बघत राहिलो. सकाळीच मी त्याचं स्टेटस पाहिलं होतं. अंगात टीमचा लाल शर्ट, दोन्ही गालांवर लाल पट्टे, आणि खाली खेळाडूंची नावं घेऊन लिहिलेल्या पाच ओळी, ज्यांतल्या तीन मलाही कळल्या नव्हत्या.

“समजस नही?” आबांचा आवाज चढला. “इतला शिकना, तठे ऱ्हास, आनि समजस नही? काय पोऱ्या शे!” ते क्रेट पालथं घालून त्यावर बसले. “आयक. चार खेपा ऱ्हातस. त्यामा दहा वार जानं पडस. दहा वार म्हंजे एक लुगडं.”

“लुगडं?” तिकडून हसू फुटलं, आणि ते हसू मध्येच ओलं झालं. “परत सांगा ना, आबा. हळू सांगा.”

“बठ आधी,” आबा म्हणाले. “पयलेपाईन सांगस.”

मी मोबाइल त्यांच्यापाशीच सोडून घरी आलो. दुपारी माईंनी तो आणून दिला, तेव्हा त्याची बॅटरी पार उतरली होती.