नरकाचे यजमान

वरच्या मजल्यावरच्या अबू हातिमना आवरण्यासाठी छतावर झाडूचा दांडा आपटावा, हा निर्णय नायेफने एका शुक्रवारी दुपारी पलंगावर पडल्या पडल्या घेतला. घेताना आपण काही फार मोठं करतो आहोत असं त्याला मुळीच वाटलं नाही. दांडा घरचा होता, आणि निदान खालच्या बाजूने तरी छतही घरचंच होतं.

नायेफ (थोरल्या घस्सानचा बाप म्हणून सगळी गल्ली त्याला अबू घस्सान म्हणायची) अम्मानमधल्या एका जमीन-नोंदणी कचेरीत कारकून होता. आठवडाभर लोक त्याच्या टेबलापुढे उभे राहून 'भिंत माझी, अंजीर माझं, अंजिराची सावलीसुद्धा माझी' असं भांडायचे. शनिवारची सुट्टी कधीच सासुरवाडीच्या नावावर चढली होती, आणि त्या नोंदीवर हरकत घ्यायची सोय नव्हती. उरला शुक्रवार. नमाज झाली की घरी मकलूबा असायचा. बायको, रुवैदा, भलं मोठं पातेलं परातीत उपडं करायची, वांगी, कोंबडी आणि भात वाफाळत बाहेर यायचा, नायेफ दोनदा वाढून घ्यायचा आणि झोपायचा. बाकी पगारवाढ, बढती, मानमरातब यांचा नाद त्याने केव्हाच सोडला होता. शुक्रवारची दुपारची झोप तेवढी मिळावी, एवढंच त्याचं आयुष्याकडे मागणं होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी वर अबू हातिम औद घेऊन बसायचे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले आणि त्यांनी हे तंतुवाद्य शिकायला घेतलं. शिकायला हरकत नाही, पण त्यांनी एकच चाल घेतली होती. तिच्या अर्ध्यावर एका ठरलेल्या जागी त्यांचं बोट घसरायचं. मग शांतता. मग खाकरणं. मग पुन्हा पहिल्यापासून. नायेफ उशीखाली डोकं घालून ती जागा यायची वाट बघत बसायचा, आणि ती आली की उशी आणखी घट्ट दाबायचा.

नायेफला स्वतःचा असा एक नरक होता. कचेरीत चहाच्या वेळी तो त्याचं वर्णन करायचा आणि दर आठवड्याला त्यात भर घालायचा. आग वगैरे त्यात नव्हतीच. आगीची माणसाला सवय होते, असं त्याचं मत होतं (कचेरीतला पंखा ऐन ऑगस्टात बंद पडल्यापासून तर खात्रीच). त्याच्या नरकात गॅस सिलिंडरची गाडी होती. ती रोज सकाळी वाजते तीच पिपाणीसारखी धून लावून अनंतकाळ गल्लीत फिरायची, आणि आपलं सिलिंडर संपलेलं असलं की नेमकी पुढच्या चौकातून वळायची. निघतो म्हणून उठलेले पाहुणे होते, ते दाराच्या मुठीवर हात ठेवून 'बरं, तर मग' म्हणत नवा विषय काढायचे. एक अर्जदार होता, त्याने सगळ्या पानांच्या नकला आणलेल्या असायच्या, हवं ते पान सोडून. आणि या सगळ्यांच्या मधोमध, जरा उंचशा आसनावर, अबू हातिम बसलेले असायचे.

"अल्ला माफ करो," शेजारच्या टेबलावरची नुहा म्हणायची, "पण माझ्या नरकात नुसता एक फोन आहे. पलीकडे माझी थोरली जाऊ. 'ठेवते हं' म्हणते, आणि ठेवत नाही."

"ही मी घेतली तर चालेल?"

"घ्या की. तिथे काय जागेची कमतरता आहे?"

रुवैदाला हे बोलणं अजिबात खपायचं नाही. "असल्या गोष्टींची थट्टा करू नये," ती कानांना हात लावून म्हणायची.

"थट्टा कुठली? मी तयारी करतोय," नायेफ म्हणायचा.

तर त्या शुक्रवारी ती घसरणारी जागा आली आणि नायेफचं टाळकं सरकलं. तो पलंगावर उभा राहिला आणि त्याने दांडा हाणला. धप्, धप्, धप्. वर औद थांबला. नायेफने विजयी मुद्रेने रुवैदाकडे पाहिलं. तेवढ्यात औद पुन्हा सुरू झाला, आणि आधीपेक्षा खणखणीत! नायेफ चिडला, त्याने जोरात हाणायला सुरुवात केली. वरची लयही वाढली. हा जितका वेगाने हाणे तितक्या वेगाने वरून तारा छेडल्या जात. शेवटी छताचा एक पोपडा सुटून थेट उशीवर पडला, तेव्हा कुठे नायेफ खाली उतरला.

"समाधान झालं?" रुवैदाने विचारलं. "आता उद्या जिन्यात मी कुठल्या तोंडाने उभी राहू?"

पुढच्या शुक्रवारी मकलूबा पोटात गेला, नायेफने पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा चढवला, आणि दाराची घंटा वाजली. दारात अबू हातिम, सूट घालून. त्यांच्यापुढे सोनेरी काठांचा तपकिरी झगा पांघरलेले हाजी फलाह. मागे अबू हातिमचे दोन चुलतभाऊ, गंभीर चेहऱ्याचे आणि ताज्या दाढीचे.

हाजी फलाह म्हणजे साधंसुधं प्रस्थ नव्हे. लग्नाची मागणी घालायची असो नाहीतर खुनाचा तंटा मिटवायचा असो, चार माणसं घेऊन कुणाच्या दारी जायचं तर पुढे हाजी फलाहच हवेत. त्यांची रीत सगळ्यांना ठाऊक होती. यजमान कडू कॉफी पुढे करतो, हाजी तो छोटा कप उचलतात आणि तसाच खाली ठेवतात. मागणी मान्य होईपर्यंत त्याला तोंड लावायचं नाही. 'कॉफी प्या' असं यजमान म्हणाला की मागणी मान्य, आणि मग दिलेला शब्द मागे घेतलाय असं या भागात कुणी ऐकलेलं नव्हतं.

नायेफने पायजम्यावरच कोट चढवला. आतून तो फुलून गेला होता. दांडा पोचला तर! माणूस सूट घालून, मध्यस्थ घेऊन माफी मागायला आलाय! त्याला एकदम अबू हातिमची दयासुद्धा आली.

कॉफी आली. हाजी फलाहनी कप उचलला, सगळ्यांना दिसेल असा खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"अबू घस्सान," ते म्हणाले, "तुमच्या आजोबांच्या तंबूचं दार कधी बंद नसायचं. तुमच्या वडिलांबद्दल तर मी काय बोलावं..."

तरीही ते बोलले. आजोबांची मेंढरं झाली, वडिलांचं औदार्य झालं, मग शेजारधर्मावर गाडी आली. नायेफची पापणी जड व्हायला लागली. वेळ भराभर निघून चालली होती, झोपेची ऐन वेळ! हाजी फलाह अजून काकांपर्यंतच आले होते, आणि नायेफला काका पाच होते. त्यात त्याला वाटलं, माफीच तर द्यायची आहे. मागितल्यावर कुणीही देतो. न मागता दिली तर गल्लीत नाव होईल.

तो ताडकन उभा राहिला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "हाजी, कॉफी प्या! ज्यासाठी आलात ते तुमचं झालं!"

हाजी फलाहचे डोळे पाणावले. "इतकी वर्षं लोकांच्या दारी जातोय," ते म्हणाले, "पण ऐकून न घेता देणारा माणूस आज पाहिला." चौघांनी एकदम कप तोंडाला लावले. अबू हातिमनी उठून नायेफच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"झालं गेलं सोडा," नायेफ मोठेपणाने म्हणाला. "आता तो औद कुठे ठेवणार?"

"तिथे, त्या खिडकीशी," अबू हातिम म्हणाले. "उजेड छान आहे."

"कुठल्या खिडकीशी?"

"तुमच्याच! दर शुक्रवारी जेवण झालं की येईन. आमच्या हिने, उम्म हातिमने, वर एक तार वाजवायची नाही म्हणून शपथ घातलीय. मी म्हटलं, आता वाजवणं संपलं. तर तीच म्हणाली, खालचे अबू घस्सान एवढे वेडे आहेत तुमच्या औदाचे, त्यांच्याकडे जा ना. तुम्ही परवा खालून ठेका काय धरलात! मला असा ठेका आजवर कुणी दिला नव्हता."

पाहुणे गेले. (दारात मुठीवर हात ठेवून हाजी फलाहनी उरलेले काका पुरे केले.) दार लागल्याबरोबर नायेफ स्वयंपाकघराकडे वळला.

"रुवैदा! ठेका कुणी सांगितला त्यांना?"

"मी," रुवैदा कप विसळत म्हणाली. "उम्म हातिमने जिन्यात विचारलं, अबू घस्सान चिडलेत का गं? मग काय, हो म्हणू? शेजारीण आहे ती! मी म्हटलं, चिडतील कसले, ताल धरत होते. तुमचा औद ऐकल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही."

"झोप लागत नाही?"

"बोलायची रीत असते, अहो. तिलाही ती कळायला नको का? आणि मी बोलले चांगुलपणाने. ऐकून न घेता 'तुमचं झालं' म्हणून छाती कुणी बडवली?"

नायेफ कोट काढून पलंगावर जाऊन पडला, पण झोपेची वेळ टळून गेली होती.

पहिला शुक्रवार आला. अबू हातिम औद घेऊन खिडकीशी बसले. रुवैदा 'उम्म हातिमला सोबत' म्हणून वर निघून गेली, आणि वर कशी छान शांतता आहे ते संध्याकाळी तिने चवीने सांगितलं. नायेफला मात्र हलता येईना. पाहुणा घरात, आणि तोही हाजी फलाहच्या शब्दाने आलेला! कॉफी करा, खजूर पुढे ठेवा, पाठीशी उशी द्या. चाल अर्ध्यावर आली, बोट घसरलं. अबू हातिमनी आशेने नायेफकडे पाहिलं.

"वाह," नायेफ म्हणाला.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा घसरलं. पुन्हा अबू हातिमनी पाहिलं.

"वाह, वाह."

आपण इतक्या मेहनतीने रचलेल्या नरकात केवढी मोठी चूक करून ठेवली होती, ते नायेफला त्या दुपारी कळलं. तिथे आपला छळ होणार हे त्याने धरलं होतं, पण तिथे आपण यजमान असू हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. छळणाऱ्याला 'अजून एक खजूर घ्या' म्हणावं लागेल, दर घसरणीला वाहवा द्यावी लागेल आणि तो निघाला की 'एवढ्यात?' असंही विचारावं लागेल! रविवारी कचेरीत त्याने हे नुहाला सांगितलं. तिने जावेच्या फोनचा विचार केला आणि पर्समधला फोन बंद करून टाकला.

तिसऱ्या शुक्रवारी मकलूबा जरा जास्तच झाला होता. कितव्या तरी घसरणीला नायेफने 'वा' म्हणून तोंड उघडलं ते मिटलंच नाही. तो घोरला, आणि साधासुधा नाही, भरपूर घोरला. जाग आली तेव्हा खिडकी रिकामी होती, औद नव्हता, आणि खजुराची बशी तशीच भरलेली होती.

त्यानंतरचा आठवडा नायेफच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा गेला. अबू हातिम खाली आले नाहीत, वर वाजवायला शपथ आड येत होती. पुढच्या शुक्रवारी नायेफ जेवल्यावर आडवा झाला तो थेट दिवेलागणीला उठला. अबू हातिम दुखावले असतील याचं त्याला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, पण झोपेतून उठल्यावर.

सोमवारी हाजी फलाह आले. बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"बेकरीत काय बोलतायत ठाऊक आहे?" ते म्हणाले. "अबू घस्सानने शब्द दिला आणि त्या शब्दावर घोरला. माझ्या पांढऱ्या दाढीपुढे दिलेला शब्द होता तो."

"हाजी, डोळा लागला हो..."

"उम्म हातिम सांगते, त्याने औद गवसणीत घालून कपाटावर टाकलाय. जेवत नाही धड. माणूस आजारी पडला तर तुझ्या नावावर जाईल."

"मग मी काय करू?"

"जे करायचं असतं ते. कोट घाल."

"निदान पायजमा तरी बदला," आतून रुवैदा म्हणाली.

अशा रीतीने, ज्याच्या औदापासून सुटका व्हावी म्हणून त्याने आपलं छत फोडून घेतलं होतं, त्याच औदाची मागणी घालायला नायेफ एक जिना चढून वर गेला. पुढे हाजी फलाह, मागे तो, आणि मुलांनी पाहू नये असा त्याचा चेहरा. अबू हातिम सोफ्यावर मान खाली घालून बसले होते. उम्म हातिमने कॉफी आणली आणि नायेफकडे अशा आर्जवाने पाहिलं की 'न्या हो यांना एकदाचे' हे तिला बोलावंच लागलं नाही. नायेफने कप उचलला आणि खाली ठेवला.

"अबू हातिम," तो म्हणाला, "तुम्ही आमच्याकडे वाजवायला यावं. घर सुनं सुनं वाटतं." बोलताना त्याने डोळे मिटून घेतले, आणि ते भावनेने आहे असं सगळ्यांना वाटलं.

अबू हातिमनी मान काही वर केली नाही. कॉफी निवत चालली. हाजी फलाहनी नायेफला कोपराने ढोसलं.

"मी घोरलो," नायेफ म्हणाला, "कारण तुमच्या वादनाने मन इतकं शांत झालं होतं."

अबू हातिमनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "खरं सांगता?"

"अल्लाला ठाऊक," नायेफ म्हणाला, आणि हे तरी खोटं नव्हतं.

"मग चूक माझीच," अबू हातिम म्हणाले. "आठवड्यातून एकदा वाजवून हात बसत नाही, म्हणून अजून ऐकणाऱ्याला पेंग येते. कॉफी प्या, अबू घस्सान. ज्यासाठी आलात ते तुमचं झालं. शुक्रवारी येतोच, आणि आता शनिवारीही येत जाईन."

नायेफने कप उचलला. शनिवारी तो सासुरवाडीला जातो हे सांगायला त्याने तोंड उघडलं होतं.

"ते काही कुठे जात नाहीत शनिवारी," दारातून रुवैदा म्हणाली. ती केव्हाची मागोमाग येऊन उभी होती. "मी आईला सांगेन, यांना जमणार नाही म्हणून."

हाजी फलाह नायेफकडे बघत होते. नायेफने ती गार कडू कॉफी एका घोटात गिळली आणि म्हणाला, "फार उपकार झाले."