सासूबाईंच्या पोटातली नथ

औषधाच्या बाबतीत आपण कोणाचे मिंधे नाही! तीन दिवस खल घासून मी स्वतःच्या हातानं मोत्याची पिष्टी केलेली आहे. धरमपेठेत असा दुसरा कारकून दाखवा!

झालं असं. त्र्याहत्तर साली माझ्या सासूबाई, प्रयागबाई, छातीतली जळजळ घेऊन कामठीहून आमच्याकडे आल्या. वामनराव वैद्यांनी नाडी पाहिली.

"पित्त आहे. मोत्याची पिष्टी द्या. माझ्याकडची संपली. घरात मोती असतील तर गुलाबपाण्यात खला, काजळासारखी मऊ होईपर्यंत."

खलही त्यांनीच दिला.

मोती? माझ्या बायकोची, चारुशीलेची, लग्नातली नथ तार तुटून कपाटात पडली होती. बारा वर्षांत तिनं ती दोनदा घातली आणि दोन्ही वेळा शिंकांनी बेजार झाली. म्हटलं, विचारायचं काय त्यात! ऑफिसात तीन दिवसांची रजा टाकली. चारुशीला शाळेत शिकवायला गेली, की मी खल घेऊन बसायचो. पहिला मोती बेडकासारखा उडाला तो थेट मोरीत! उरलेले सात फडक्यात बांधून ठेचले आणि मग घासले. तिसऱ्या दिवशी उजवा दंड असा सुजला, की मी डाव्या हातानं जेवलो.

पण गुण काय आला! चार दिवसांत सासूबाई वांग्याची भाजी मागून खाऊ लागल्या.

"जावईबापू, तुमच्या हाताले गुण आहे!"

बारा वर्षांतली ही पहिली स्तुती.

पाचव्या दिवशी चारुशीलेनं कपाट उघडलं.

"अहो, माझ्या नथीचे मोती कुठं गेले?"

"आईंच्या पोटात," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

ती ओरडणार, एवढ्यात सासूबाईच ओरडल्या. "कोणते मोती? लग्नातले? मेली वं मी! वैद्याले बोलवा!"

"काहून घाबरून राहिली, आई? अस्सल बसऱ्याचे मोती आहेत. तूच तर साऱ्या कामठीत सांगत फिरली!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "खोटे आहेत ते, चारू. काचेचे. तुझ्या बाबानं सव्वा रुपयाले आणले, कोणाले सांगू नको म्हणे. सासरी तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी बसऱ्याचे सांगितले. आता मीच काच खाऊन बसली!"

सासूला काच चारणारा जावई म्हणून पेपरात माझा फोटो कसा येईल, ते मला दिसू लागलं. सायकल हाणली आणि वैद्यबुवांना डबलसीट आणलं.

त्यांनी पुडीत उरलेली पूड बशीत ओतली आणि वर लिंबू पिळलं. "काच असेल तर गप्प बसेल."

पूड फसफसली! बशीभर फेस आला.

"अस्सल मोती आहेत," वैद्यबुवा म्हणाले.

चारुशीलेचे डोळे भरले. "आई, बाबांनी खरे आणले होते वं!"

"मग मले खोटे काहून सांगितले?"

"खर्चावरून तू भांडली असती म्हणून."

सासूबाई उठून पिशवी भरू लागल्या.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कामठीले! बारा वर्षं दर लग्नात मी भेवानं अर्धपोटी उठली. चारूच्या नथीची कोणी गोष्ट काढली, की माया घास अडकायचा. आता पाहते त्या माणसाकडे!"

त्या बसमध्ये बसल्या आणि मला सासऱ्यांची, रुपरावांची, दया आली. बिचारे ओसरीवर निवांत सुपारी कातरत असतील. मी तार ऑफिस गाठलं आणि अर्जंट तार लिहिली: 'मोती खरे निघाले. आई निघाल्या. सांभाळा.'

बाबूनं ती दोनदा वाचली. चष्मा वर केला.

"साहेब, ही अभिनंदनात टाकू, का दुखवट्यात?"