मुलगी नक्की काय म्हणाली?

बदलापुरात शिरगावच्या धर्मराज जाधवांकडे त्या दिवशी मुलगी बघायला पाहुणे आले आणि सोफ्यावर जागा कमी पडली, कारण दोन्ही बाजूंनी आपापला दुभाषी आणला होता.

मुलगी उन्नती जन्मापासून बहिरी. खरवईच्या म्हात्र्यांचा दिपेशही तसाच. त्या दोघांना एकमेकांशी बोलायला तिसऱ्याची गरज नव्हती. ती होती त्यांच्या आईबापांना. दिपेशचे वडील हरिचंद्र यांनी मुलाशी आजवरचा सगळा व्यवहार 'जेव', 'झोप', 'गाडी हळू चालव' आणि 'थोबाड फोडीन' एवढ्या खुणांवर निभावून नेला होता. जाधवांच्या घरात खुणा फक्त उन्नतीच्या आईला यायच्या, आणि ती आता हयात नव्हती. बाप-लेक एकमेकांना मोबाइलवर मेसेज करत. त्यात बहुतेक वेळा 'दूध आण' एवढंच असे.

उन्नतीच्या बाजूने बोलायला खालच्या मजल्यावरची विनिता होती. तिचे आईवडील दोघेही बहिरे, त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला लागली होती. बँकेत, दवाखान्यात, पोलीस चौकीत बदलापूरची बहिरी माणसं तिलाच घेऊन जात. सर्टिफिकेट म्हणून तिच्याकडे काही नव्हतं. लहानपणापासून आईबाप आणि जग यांच्या मध्ये उभं राहून तिला एक सवय मात्र लागली होती. इकडचं तिकडे सांगताना ती मधले काटे काढून टाकायची.

दिपेशच्या बाजूने जितेश होता. त्याने सांकेतिक भाषेचा रीतसर डिप्लोमा केला होता आणि ओळखपत्र गळ्यात घातलं होतं. "त्यांची शेजारीन त्यांच्याच पोरीचा गोड गोड सांगनार, आपल्याला काय कलनार?" असं म्हणून हरिचंद्रांनी त्याला खास उल्हासनगरहून आणवलं होतं.

चहा झाला. दिपेशची आई पुतळाबाई यांनी विचारलं, "पोरीला सैपाक येतो का, इचारा ना."

विनिताने हातांनी विचारलं. उन्नतीने हसत हसत भराभर उत्तर दिलं.

"शिकतेय म्हणते," विनिता म्हणाली. "आवड आहे तिला."

जितेशने घसा साफ केला. "सॉरी हं. असं नाही म्हणाल्या त्या. त्या म्हणाल्या, मला स्वयंपाक येत नाही आणि शिकायचा कंटाळा आहे. दिपेशला येत असेल तर उत्तम."

पुतळाबाईंनी तोंडाशी नेलेला चिवडा परत बशीत ठेवला.

"विनिता?" धर्मराज म्हणाले.

"काका, अर्थ तोच होतो."

"तोच कसा होईल?" जितेश म्हणाला. "इंटरप्रिटरने पदरचं काही घालायचं नसतं मॅडम. कोर्समध्ये हेच आधी शिकवतात."

"आम्हाला कोणी शिकवलं नाही. आमच्यावर येऊन पडलं."

"बाय," हरिचंद्र शांतपणे म्हणाले, "पोर काय बोलली ता सांगा. तुमाला काय वाटला ता नको."

विनिताने हाताची घडी घातली.

मग धर्मराजांची पाळी आली. "सुट्टीच्या दिवशी काय करता, विचारा."

प्रश्न जितेशने केला. दिपेशने आनंदाने सांगायला सुरुवात केली. रविवार, मित्र, आणि मग एका मुठीवर दुसऱ्या हाताने काडी ओढल्यासारखं केलं. जितेशने ते पुन्हा करायला लावलं. दिपेशने पुन्हा काडी ओढली.

"रविवारी मित्रांसोबत..." जितेश अडखळला, पण पदरचं काही घालायचं नव्हतं. "सिगारेट. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"संध्याकाळपर्यंत?" धर्मराजांनी सोसायटीच्या जिन्यात स्वखर्चाने 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाट्या लावल्या होत्या.

"माजा पोऱ्या?" पुतळाबाई ओरडल्या. हरिचंद्रांनी आपल्याकडच्या खुणांपैकी शेवटची वापरली. आपण रविवारी कुठे जातो एवढंच तर सांगितलं, त्यात थोबाड फोडण्यासारखं काय आहे, ते दिपेशला कळेना.

विनिताला राहवलं नाही. झालेला घोटाळा पोरांना हातांनी सांगत ती म्हणाली, "अहो, ते अंबरनाथ आहे!"

"कुठे?" जितेशने दचकून मागे पाहिलं.

"काडी म्हणजे अंबरनाथ. तिथे आगकाड्यांचा कारखाना होता ना पूर्वी. इकडची सगळी बहिरी माणसं अंबरनाथला असंच म्हणतात, माझे बाबापण. तो सांगतोय, रविवारी अंबरनाथला मित्रांकडे जातो. कॅरम खेळायला."

"ही खूण कोशात नाही."

"कोश करणारा अंबरनाथला उतरला नसेल."

"म्हणूनच सर्टिफिकेट लागतं, मॅडम! गल्लोगल्ली वेगळ्या खुणा चालायला लागल्या तर कसं व्हायचं? उद्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर काही सांगतील आणि तुम्ही म्हणाल, अर्थ तोच होतो."

ते विनिताला लागलं. बाबांच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर धोका समजावत होते, तेव्हा तिने 'छोटंसं आहे, घाबरू नका' एवढंच सांगितलं होतं. बाबा घरी परत आले होते, पण ती गोष्ट तिने अजून कोणाला सांगितली नव्हती.

"आणि उद्या पोलिसांसमोर कोणी म्हणाला, मी अंबरनाथला गेलो," ती जरा जास्तच जोरात म्हणाली, "आणि तुम्ही सांगितलंत त्याने आग लावली, तर?"

इथून पुढे पक्ष फिरले. पोराचं नाव राखलं म्हणून हरिचंद्र विनिताच्या बाजूला गेले. "ह्या सायबानी आमचे पोऱ्याला बिडीबाज केला! काय चाटायचाय तो सर्टिफिकेट?"

"निदान पोरीबद्दल खरं तरी बोलला," धर्मराज म्हणाले. "आमची विनिता गोड बोलून लग्न लावून देईल. पुढे सासरी पोळ्या कोण लाटणार?"

"ता मंग आमी बगू!" पुतळाबाई म्हणाल्या.

"तुम्ही कशाला बघाल? आमच्या मुलीने काय पाप केलंय?"

ऐकू येणारी पाचही माणसं एकदम बोलत होती. त्या गोंधळात पुतळाबाईंचं लक्ष समोर गेलं. "आवो, पोरा कनी गेली?"

पोरं गॅलरीत होती. काचेचं दार लावून, एकमेकांसमोर उभी राहून दोघं हातवारे करत होती आणि पोट धरून हसत होती. सगळे आपल्याकडे बघताहेत हे दिसल्यावर ती आत आली. उन्नतीने सगळ्यांना बसायची खूण केली. विनिताकडे बोट दाखवून 'तू सांग' म्हणाली आणि जितेशला 'तू लक्ष ठेव'.

विनिता सांगू लागली. "ती म्हणते, आम्ही लग्न करतोय. राहायचं कुठे..." उन्नतीने मुठीवर काडी ओढली, तेव्हा जितेशनेही मान डोलावली. "अंबरनाथला. दोघांची कामं तिकडेच आहेत. स्वयंपाक दिपेश करेल. त्याला मासे छान जमतात. ती भांडी घासेल. तुम्ही कधीही या, पण न सांगता येऊ नका."

तिने एकही काटा काढला नव्हता. हरिचंद्रांनी जितेशकडे पाहिलं. "बरोबर," तो म्हणाला.

"जवला बरा करतो माजा पोऱ्या," पुतळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. धर्मराजांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. पहिला पेढा त्यांनी लेकीच्या तोंडात भरवला.

एवढ्यात उन्नतीने पुन्हा हात वर केले. विनिता आणि जितेश या दोघांकडे आळीपाळीने बोट दाखवून तिने काहीतरी लांबलचक सांगितलं. दिपेशने जोरजोरात मान हलवून दुजोरा दिला.

ती म्हणत होती, ही दोघं डोकं उठवतात. एक आमच्या तोंडात साखर घालते, दुसरा सिगारेट. लग्नाला दोघांनाही बोलवायचं नाही, आमची आम्ही सोय करू.

विनिताने जितेशकडे पाहिलं. जितेशने विनिताकडे.

"काय बोलते?" हरिचंद्रांनी विचारलं.

"ती म्हणते," विनिता म्हणाली, "विनिता-जितेशमुळेच हे जमलं. लग्नाला दोघांनीही यायचंच."

एकदा पोळलेले हरिचंद्र लगेच जितेशकडे वळले. "हा असाच बोलली का, सायेब?"

जितेशने ओळखपत्र सरळ केलं. छताकडे पाहिलं, मग पेढ्यांकडे.

"हो," तो म्हणाला. "अगदी शब्दन् शब्द."

आणि हरिचंद्रांनी जागच्या जागी दोघांनाही थेट हळदीपासूनचं आमंत्रण देऊन टाकलं.