फरशीखालची लोकर

गिताबाईंनी कमोडवर बसून शेजारचा नळ सोडला आणि कमोड त्यांच्यासकट नळाकडे झुकला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा सगळा भरवसा त्या कमोडवरच होता. भिंतीला धरून त्या बाहेर आल्या.

“रविराज, रखमाजी गवंड्याला बोलव. फरशी खचलीया.”

“फोन करतो,” रांजणगावच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला निघालेला मुलगा म्हणाला. “उकरावंच लागंल.”

“उकरायचं न्हाई,” ओट्यावरून रविराजचे वडील हरिबा म्हणाले. “मी बघतो.”

खाली काय आहे ते फक्त हरिबांना ठाऊक होतं. कारेगावात हे घर बांधताना या कोपऱ्यात भरायला मुरूम कमी पडला होता. मेंढरं विकली तरी लोकरीची पोती घरात पडून होती. लोकरीला गिऱ्हाईक नव्हतं आणि फेकणं गिताबाईंना चालणारं नव्हतं. जिच्या घोंगडीवर देव बसतो, ती उकिरड्यावर कशी टाकायची? रखमाजी जेवायला गेला तेव्हा हरिबांनी पोती खड्ड्यात लोटली, वर मुरूम पसरला आणि घरात सांगितलं, जेजुरीच्या घोंगडीवाल्याला दिली. तिथं तेव्हा न्हाणी होणार होती. अंघोळीची जागा, त्यात वाईट काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुढं आईच्या गुडघ्यापायी रविराजनं नेमका तिथंच कमोड बसवला. तेव्हापासून हरिबा पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडं जात. मोकळ्या हवेची सवय, असं सांगत.

कोरडी लोकर दाबली तर पुन्हा फुगते. भिजली की मात्र बसते ती बसतेच. आणि कमोडच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं.

हरिबांनी खाली फरशीचे तुकडे ठोकले, वर पांढरं सिमेंट लिंपलं. कमोड आता दाराकडं झुकला.

“अवो, मी पुढं घसरतीया.”

“जरा मागं रेलून बसत जा.”

रविवारी दौंडहून व्याही आले. सून हर्षदाचे वडील बिरदेव, अंगानं भरभक्कम. मटणाचं जेवण झालं आणि ते न्हाणीकडं वळले.

“पाव्हणं, ओढ्याकडं जाऊ की,” हरिबा घाईनं म्हणाले. “मोकळी हवा हाय.”

“मोकळ्या हवेचं वय गेलं आता,” म्हणत बिरदेवांनी कडी लावली.

आतून धप्पकन आवाज आला. मग बिरदेवांची हाक आली.

“पाव्हणं, दार उघडंना.”

“कडी काढली का?”

“काढली. पर कमोड दाराला येऊन टेकलाय.”

“मग मागं ढकला.”

“मी बी त्याच्यासंगंच आलोय.”

रखमाजी आला. त्यानं प्लास्टिकचं दार खालून करवतीनं कापलं. जाळीखालून मेंढरू निघावं तसे बिरदेव फेट्यासकट बाहेर आले. हर्षदानं तोंडाला पदर लावून पाठ फिरवली.

आता उकरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रखमाजीनं पहार घातली तर ती आवाज न करता आत गेली. वर आली तेव्हा टोकाला काळी, ओली लोकर.

“आबा, म्या हितं मुरूम सांगितला व्हता.”

हरिबा आपल्या अंगठ्याकडं बघत राहिले.

“जेजुरीला दिली म्हणला व्हता,” गिताबाई म्हणाल्या.

“तवा न्हाणी व्हनार व्हती गं.”

“म्हंजी म्हणून तुम्ही वढ्याला जात व्हता.”

“व्हय.”

“आन् मला बसू दिलं.”

हरिबांनी पोती परसात ओढली आणि नळाखाली बसून मुकाट्यानं लोकर धुवायला घेतली. व्याह्यांना तोंड कसं दाखवायचं, तेवढंच डोक्यात होतं. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

भिंतीच्या आडोशाला कुणीतरी हळू बोलत होतं.

“रखमाजी, आमच्याकडं दौंडला कवा येताल?”

“काय काम हाय?”

“न्हाणी हालतीया.”

हरिबांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. आडोशाला बिरदेव फेट्यावरचं सिमेंट झटकत उभे होते.

“पाव्हणं,” हरिबांनी विचारलं, “किती पोती?”

बिरदेवांनी घराच्या दाराकडं पाहिलं.

“हळू बोला. हर्षदा आईशी फोनवर हाय.”