भर थंडीत तापलेला सर्व्हर

सडक अर्जुनीच्या दुलीचंद बिसेनांच्या राईस मिलमधला सर्व्हर जानेवारीच्या कडाक्यात गरम होऊन बंद पडत होता, आणि हे कुणाला खरं वाटत नव्हतं. अख्खी मिल कानटोपी घालून कुडकुडतेय आणि सर्व्हर सांभाळणारा चंद्रकुमार कापगते सांगतोय की यंत्र उकडून मरतंय! हसतील नाही तर काय करतील?

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सर्व्हर बसला की वजनकाट्याची पावती निघत नसे. पावती नाही म्हणजे ट्रक जागचा हलत नसे, आणि बघता बघता धानाच्या ट्रकांची रांग फाटकातून थेट हायवेवर जाई. मग ड्रायव्हर मंडळी चंद्रकुमारच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

"चंदू, आता शेवटचं सांगतो," दुलीचंद सेठ म्हणाले. "आनखी एकदा बंद पडली ना, तर मशीन उचलून नागपूरच्या हापिसात टाकतो. अन् मशीनसंग तुले बी!"

"सेठ, भूमिकाले सातवा महिना आहे..."

"मंग नीट कर ना बाप्पा!"

बायकोजवळ राहता यावं म्हणून चंद्रकुमार हैदराबादची नोकरी सोडून आला होता. ते काय आता नागपूरच्या खोलीत एकट्यानं भात शिजवायला?

त्यानं आधी विजेवर संशय घेतला. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते, एक गेला तर दुसऱ्यानं सांभाळून घ्यावं म्हणून. पण दोन्हींच्या वायरी एकाच बोर्डात खोचलेल्या, आणि त्याच बोर्डावर हिशेब पाहणाऱ्या प्रेरणामॅडमचा हीटर.

"हीटर काढा, मॅडम."

"काऊन? माहे पाय गारठून राहिले ना!"

"तुमच्या पायांपायी माही नोकरी जाऊन राहिली!"

हीटर गेला. एक वायर यूपीएसला, दुसरी वेगळ्या बोर्डाला लागली. मॅडमनी बोलणं सोडलं, आणि सर्व्हर दुसऱ्या दिवशी पुन्हा तापून बसला.

मग त्यानं झाकण उघडून ब्लोअर मारला. आतून पसाभर कोंडा निघाला, पण पंखे सगळे व्यवस्थित फिरत होते. शेवटचा उपाय म्हणून त्यानं एसी लावला, तोही अगदी खालच्या आकड्यावर. सेठ घोंगडी पांघरून आत आले.

"जानेवारीत एसी? डोस्कं ठिकानावर आहे का तुहं?"

ते बोलत असतानाच सर्व्हर टूं करून बंद पडला. खिडकीतून एका ड्रायव्हरनं डोकं घातलं. "भैया, कंप्यूटर को बुखार है तो गोली खिलाओ ना!"

सेठनी तिथल्या तिथं नागपूरला फोन लावला आणि गाडी मागवली. "सोड वायरी. बांध मशीन."

वायरी सोडायच्या तर रॅकच्या मागच्या बोळात जायला हवं. तिथं कुणी लुडबुड करू नये म्हणून चंद्रकुमारनंच दाराला कुलूप लावलं होतं. त्यामुळे तिकडे बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. चावी चौकीदार मनिरामकडे असायची.

"चाबी हरवली वाटते," मनिराम जमिनीकडे बघत म्हणाला.

"खिशातून दिसून राहिली ना, काका!"

दार उघडलं आणि भपकन दमट, गरम हवा तोंडावर आली. सर्व्हरच्या पाठीला खेटून ओल्या चुंगड्या, म्हणजे पोती, रचलेली, वर तनस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यावर जुनं ब्लँकेट. गरम हवेला बाहेर पडायला बोटभर जागा नव्हती. चंद्रकुमारनं एक चुंगडी सोडली. आत उन्हाळी धानाचं भिजवलेलं बियाणं, मोड यायला ऊब लागते म्हणून ठेवलेलं.

"हे कोनाचं?"

"तुमच्याच बाबाचं," मनिराम पुटपुटला. "म्हनले, पोराची मशीन मांगच्या बाजूनं फुकटची गरम हवा फेकून राहिली, वाया कायले घालवाची?"

चंद्रकुमारनं बापाला फोन लावला. "बाबा, हे काय करून ठेवलं?"

"ओरडू नोको गा," बिसराम म्हणाले. "मोड आले का?"

"आले. पन माही नोकरी चालली ना!"

"सगळ्याच चुंगडीले आले का?"

चंद्रकुमारनं फोन ठेवला. घरच्याच माणसानं घात केला, आता कुणाला काय सांगणार? मान वर केली तर दारात सेठ उभे.

"हटवतो सेठ, आत्ता हटवतो."

"हात नोको लावू!"

सेठनी वाकून मूठभर धान उचललं. पांढरे, टपोरे, एकसारखे मोड. त्यांचं स्वतःचं बियाणं शेतावर तनसाखाली गोट्यासारखं पडून होतं, थंडीनं एक दाणा फुटला नव्हता. मग त्यांनी फोन काढला.

"गाडी वापस फिरव. मशीन इथंच राहीन." आणि चंद्रकुमारकडे वळून म्हणाले, "तू बी इथंच."

"पन सेठ, हवेच्या तोंडाशी चुंगड्या ठेवल्या तर मशीन परत..."

"किती दूर ठेवाच्या, ते तू पाह्य. इंजिनेर कोन आहे, मी का तू? सांजेला माह्या चुंगड्या येतात."

मनिरामनं घसा खाकरला. "सेठ, बिसरामभाऊच्या मागं माहा लंबर आहे."

ज्यांच्यासमोर सगळी मिल मान खाली घालून उभी राहायची, ते दुलीचंद सेठ घोंगडी सावरत म्हणाले, "बरं गा. मंग तुह्या मागं माहा."