वेखंडाचा वास

चर्चच्या हिरव्या सणाला घरात वेखंडाची पाती अंथरायची गावाची रीत. त्या सकाळी कोर्नेलिया घरभर अंथरलेल्या पात्यांवर पाय घासत फिरली आणि हवालदिल झाली. वेखंड पायाखाली चिरडलं की घर कसं घमघमायला हवं. इथे मात्र तळ्याकाठच्या चिखलापलीकडे कसलाच वास नव्हता.

"झेनोन, काय उपटून आणलंयस हे?"

"वेखंड," नवरा टायची गाठ सारखी करत म्हणाला. "फोनला फोटो दाखवला. तो म्हणाला, अठ्ठ्याण्णव टक्के खात्री."

"उरलेले दोन टक्के माझ्याच घरात आलेत!"

शेजारच्या गेनोवेफाकाकू चाळणी मागायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. त्यांनी एक पातं उचललं, कडेवरून बोट फिरवलं, चुरगळून हुंगलं.

"अगं, वेखंडाच्या पात्याची एक कड चुणीदार असते. ही बघ, सरळसोट. हा पिवळा आयरिस. फुलं नसली की दोघं सख्खे भाऊ दिसतात, म्हणून तर हुंगून घ्यायचं. फोनला नाक असतं का रे, झेनोन?"

चर्चमधून थेट सासूबाई येणार होत्या. लग्न झाल्यापासून ओतिलियाबाईंच्या तोंडून तिच्याविषयी एक बरा शब्द निघाला नव्हता. सूप पातळ, पिएरोगीची पारी जाड, आणि वर "आमच्या वांदाकडे" हे पालुपद. वांदा ही थोरली सून, सासूबाई तिच्याकडेच राहायच्या. तिच्या घरचं वेखंड म्हणे रस्त्यावरून कळतं. कोर्नेलियाला आज एकच बरा शब्द हवा होता, पण तो चारचौघांच्या कानांवर पडेल असा.

झेनोनला सुटाबुटातच विळा देऊन तळ्याकडे पिटाळलं गेलं.

"तोवर माझं गुडघ्याचं तेल शिंपडू या," काकू म्हणाल्या. "कापराचं आहे. वास म्हणजे वास!"

बुडत्याला काडीचा आधार. तेल शिंपडलं, आणि घराचा दवाखाना झाला. मग दोघींनी खिडक्या सताड उघडल्या, फडकी हलवली, फरशी पुसली, पाती पुन्हा अंथरली. कापूर उडाला, चिखलही उडाला. आता घराला कसलाच वास उरला नाही, आणि नेमकं त्याच वेळी फाटक वाजलं.

ओतिलियाबाई आत आल्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी लांब श्वास घेतला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"वास नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते काय झालं, झेनोननं..."

"देवा, तुझे उपकार!" म्हणत त्या खुर्चीत बसल्या. "अगं, त्या उग्र दर्पानं जन्मभर सणाला माझं डोकं फुटतंय. सांगणार कुणाला? लोक म्हणतील, म्हातारी बाटली. वांदा तर माझ्या पलंगाखालीही गठ्ठे कोंबते. माणसाचं दुखणं न सांगता ओळखलंस, सूनबाई. घर ठेवावं तर तुझ्यासारखं!"

कोर्नेलियाचे डोळे भरून आले. गेनोवेफाकाकू चाळणीचं विसरून लगबगीने निघाल्या. ही बातमी गावात पोचायला आता मिनिटांचा अवकाश होता. कोर्नेलियाला अगदी मनापासून आनंद झाला. सासूबाईंचा कोट तिने जवळजवळ मायेनं खुंटीला लावला.

"तेव्हा माझं ठरलं," ओतिलियाबाई म्हणाल्या. "वांदाकडे आता पाऊल टाकायचं नाही. बटाटे निघेपर्यंत इथंच राहते. तुला स्वयंपाकही नीट शिकवीन, अगदी पहिल्यापासून."

कोर्नेलियाचा हात कोटावरच राहिला. बटाटे निघायला अजून सगळा उन्हाळा जायचा होता.

तेवढ्यात खिडकीबाहेर झेनोन दिसला. गुडघ्यापर्यंत चिखल, टाय खांद्यावर, आणि कवेत मावणार नाही एवढा हिरवागार भारा.

"या खेपेला प्रत्येक पातं हुंगलंय!" तो ओरडला. "पण आई आलीच की! आता टाकून देऊ की आणू?"

कोर्नेलियाने रस्त्याकडे पाहिलं. गेनोवेफाकाकू चौथ्या घराच्या कुंपणाशी उभ्या राहून हातवारे करत होत्या. बरा शब्द गावभर झाला होता. तो काही आता माघारी येणार नव्हता.

"आण रे, आण," ती म्हणाली. "आधी आईंच्या खोलीत अंथर. जाडसर."